सेलचे आठ दिवस

चार्ज झालेला सेल चाचा आधी गालाला लावायचे, मीटर नंतर. तुम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहिलं असतं, तर माणूस दाढदुखीनं बेजार आहे असं वाटलं असतं. सेल गार लागला की मान हलायची. कोमट लागला की काहीतरी पुटपुटत तो बाजूला. "मीटर खोटं बोलन, गाल नाही बोलत," म्हणायचे.

शेलूबाजारात हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, मागे घर. दुकानावर नाव नव्हतं, म्हणून मीही सांगत नाही. अख्खा बाजार त्यांना चाचाच म्हणायचा. आधी टॉर्च आणि रेडिओ दुरुस्त करत, मग फवारणीचे बॅटरीपंप आले, आणि शेवटी आमच्यासारख्यांच्या इलेक्ट्रिक सायकली.

माझी सायकल म्हणजे माझे पाय. गुडघे कामातून गेलेत, आणि मळ्यातली मेथी-वांगी बाजारात न्यायला तिच्याशिवाय इलाज नाही. मुलगा पुण्यात. "बाबा, मळा विका अन् इकडे या," हे त्याचं दर फोनला ठरलेलं. सायकल चालते तोवर माझ्यापाशी त्याला उत्तर होतं. एक दिवस बॅटरी बसली. कंपनीनं तसली सायकलच बंद केली होती, नवी बॅटरी कुठेच मिळेना. सायकल ढकलत चाचांकडे गेलो आणि म्हटलं, "मेली वाटते."

"अख्खी बॅटरी कधीच मरत नाही, भाऊ. चार जन मरतेत, बाकीचे त्याइच्यापायी बदनाम होतेत."

पेटी उघडली. आत बोटाएवढे तीस सेल. चाचांनी एकेक सुटा करून तपासला, खरोखर चारच काढले आणि दुसऱ्या जुन्या बॅटऱ्यांमधले चार निवडून घेतले. सगळे चार्ज करून प्रत्येकाच्या अंगावर मार्करनं त्याचा मीटरवरचा आकडा लिहिला, फळीवर ओळीनं उभे केले आणि चहा प्यायला बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता आठ दिवस."

"आठ दिवस काय करतेत ते?"

"काहीच नाही. नुसते बसतेत. जो बसल्या जागी उतरते, तोच रस्त्यात धोका देते."

"चाचा, माही मेथी सुकून राह्यली."

"मेथीवर पानी मारा. सेलले टाइम द्या."

मला कुठला धीर? पाचव्या दिवशी जाऊन उभा राहिलो. सगळे आकडे जागच्या जागी होते. मी हटूनच बसलो. "पाच दिवस तं नवा जावईबी चांगला राह्यते," चाचा म्हणाले. तरी मी ऐकेना, तेव्हा त्यांनी मुकाट्यानं सेल जोडून दिले. तिसऱ्याच खेपेला नाल्याच्या पुलावर सायकल थांबली. मागे वांग्यांचे दोन कॅरेट, वर ऊन. तिथून ढकलत आलो आणि पुढे आठवडाभर माझे गुडघे मला शिव्या देत होते.

चाचांनी मात्र एका शब्दानं टोचलं नाही. पेटी उघडली, दगाबाज सेल शोधला आणि त्याच्यावर काळी फुली मारली. "जाय बाबा, आराम कर. लय चालला." बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या आधी प्रत्येक सेलला हा निरोप ठरलेला. मला हसू यायचं. ज्यानं मला भर उन्हात पुलावर उभं केलं, त्याला कसला आलाय निरोप? पण चाचांचा राग कोणावर टिकायचाच नाही, सेलवर नाही आणि माझ्यावरही नाही. उरलेले सेल पुन्हा आठ दिवस फळीवर बसले. त्या खेपेला मी तोंड बंद ठेवलं.

पुढे बॅटरी चांगली चालली. या हिवाळ्यात ती पुन्हा दमली, आणि चाचाही दमले होते. दोन पावलं टाकली की छातीवर हात ठेवून थांबायचे. तरी तीस सेल फळीवर लावले. आकडे वाकडेतिकडे आले. मला बोट दाखवून म्हणाले, "पाचव्या दिवशी आले तं देनार नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांना अकोल्याला नेलं. परत आणलं ते मातीसाठीच. मीही कब्रस्तानात गेलो. बाकीच्यांचं पाहून मूठभर माती दिली.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती कामरगावला दिलेली. लहानपणी बापाशेजारी बसून सारं काम शिकलेली. "काका, तुमचे सेल पाह्यले म्या. सारे बरोबर हायेत. जोडून देऊ?"

मेथी काढणीला आली होती. आदल्याच दिवशी मुलाचा फोन येऊन गेला होता. तरी मी म्हटलं, "नाही बेटा. आठ दिवस होऊ दे."

आठव्या दिवशी दुकानात मी एकेका सेलवरचा आकडा वाचत होतो आणि ती मीटर लावत होती. सतराव्या सेलवर तिचा हात थांबला. मी आकडा पुन्हा वाचला. तिनं मीटर पुन्हा लावलं. सेल उतरला होता. बाकीचे एकोणतीस जागेवर होते.

आतल्या पडद्यामागे तिची आई, चाची, नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतला बसली होती. तिथून आवाज आला, "कोई उतरा क्या?"

"एक, अम्मी."

मग चाची म्हणाल्या, "तो उसको आराम करने दे."

मुलीनं फुली मारली आणि सेल डब्यात ठेवला. मी डोळे पुसले. लपवण्यासारखं काही नव्हतं, तीही पुसत होती. मग तिनं चाचांच्या खणातून एक पारखलेला सेल घेतला आणि बॅटरी जोडून दिली.

पुढच्या बाजारच्या दिवशी मेथी घेऊन निघालो. नाल्याच्या पुलावर उतरलो. तिथं उतरायचं काही कारण नव्हतं. वाकून बॅटरीच्या पेटीला गाल लावला. मागून येणारी एक जीप हळू झाली आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "काका, बंद पडली काय?"

"नाही," मी म्हटलं. "गार हाय."