धडधाकट पायांना पट्टे

मुरगळलेल्या घोट्याला पट्टा बांधतात, हे मला ठाऊक होतं. धडधाकट पायाला तो सक्तीनं बांधलेला मी पहिल्यांदा पाहिला तो खालापूरच्या बाजूच्या डोंगरात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या वायूवर धावत होत्या, आणि तो कोळसा डोंगरातल्या वाडीची माणसं भट्ट्या लावून पाडत होती. पोती डोक्यावर घेऊन खाली बैलगाड्यांपर्यंत उतरायचं काम बायांचं.

मी कर्जतला भिसेगावात राहायचो, पत्रकं लिहायचो आणि वाड्यावाड्यांतून वाचून दाखवायचो. या वाडीची तक्रार एकच होती. कोळशाच्या कंत्राटदारानं भट्ट्यांसाठी ओंडके ओढून ओढून उतरणीची वाट उखडली होती, दगड सुटले होते, एका बाईचं पडून मनगट मोडलं होतं. वाट दुरुस्त करा, एवढंच आम्ही पत्रकात मागितलं.

कंत्राटदारानं पट्टे आणले. जाड चामड्याचे, घोट्याच्या वर चार बोटं चढणारे, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी शिवलेले. त्याच्या मुलाचा पाय खेळताना मुरगळला होता, मुंबईच्या डॉक्टरनं त्याला तसा पट्टा दिला आणि मुलगा बरा झाला. झालं. दुखऱ्या पायाचं औषध चांगल्या पायांना आधीच बांधून टाकलं की वाट करायला नको, असं या शहाण्याचं गणित. त्याच्या मुकादमानं हुकूम सोडला की पट्टा नाही तर पोतं नाही.

पोतं डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात, म्हणून मधे कुणी ते उतरवत नाही. ओळ एकदा निघाली की गाडीपाशीच थांबते. पुढे चालायची ती वाडीतली एक थोराड बाई. घरात कमावणारी ती एकटीच, आणि हे काम सुटलं तर पावसाळ्यापर्यंत दुसरं नव्हतं. ती पाऊल आडवं टाकायची, घोटा आतबाहेर वळवून तळवा दगडाला चिकटवायची, आणि मागच्या बाया तिच्या पावलावर पाऊल ठेवायच्या.

त्या सकाळी तिनं पट्टे बांधले. पाय वरखाली जेमतेम हलत होता, बाजूला वळतच नव्हता. पहिल्याच वळणावर टाचेची कड दगडावर टेकली, तळवा अधांतरी राहिला, आणि घोट्यानं घ्यायचा हिसका गुडघ्यानं घेतला. तिनं पोतं दरीकडे लोटलं म्हणून ती वाचली. मागची ओळ डोक्यावर ओझी घेऊन जागच्या जागी थिजली.

ती वर आली आणि पट्टे सोडून मुकादमापुढे टाकले. सवय होईल गं, नवी वहाणही चावतेच, असं तो म्हणाला.

"वहाण पायाखाली असती. ह्ये पायाला धरून ठेवतंय," ती म्हणाली. "तुमी घाला न् उतरा. पोतं नको, मोकळेच उतरा."

तो हसला. मग बायाच पोती खाली टाकून वाटेत बसल्या. खाली गाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवाले शिव्या देत होते. नवरदेवाला जोडा होईना का, असं कुणीतरी विचारलं. शेवटी त्यानं पट्टे चढवले, फळी बांधल्यासारखा त्या वळणापर्यंत गेला आणि बुडावर बसला.

"बसूनच उतरायचं असंल तर आमी पन उतरू, मुकादम. पोतं मांडीवर द्या."

गाड्यांपायी त्यानं पट्ट्यांशिवाय पोती उचलू दिली. तिचं काम टिकलं. संध्याकाळी मी कंत्राटदाराला गाठून वाटेचं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, मी संरक्षण दिलं, त्यांनी नाकारलं, आता पडेल ती आपल्या जबाबदारीवर पडेल. पट्टे त्याला याचसाठी हवे होते. पायाचं त्याला काय पडलं होतं!

मी नवं पत्रक लिहायला बसलो. ती बाई दारात आली.

"ते ठेव रं आता. पहार धर."

वाडीनं मजुरी बुडवून वाट स्वतः केली. सुटे दगड कडेला लोटले, पायऱ्या बसवल्या. मी पहार मारत होतो आणि मनात जळत होतो. दुसऱ्या सकाळी ओळ उतरू लागली, पुढे तीच, पाय उघडे, पाऊल आडवं. खालून कंत्राटदार घोड्यावर येत होता. त्यानं बाजूला व्हा म्हणून हात हलवला. बाया डोक्यावरच्या पोत्यांसह वाटेबाहेर, त्या लोटलेल्या दगडांत उभ्या राहिल्या आणि घोडं नव्या पायऱ्यांवरून वर गेलं.