त्रिपाठी एंड भांजा, आमच्या अंगणात

शूटिंगवाले दिवसभराचं काम आटोपून गेले की अंगणात काय काय सापडतं! चहाचे कागदी कप, फरशीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या, कोणाचा तरी कंगवा. ते सगळं झाडून काढता येतं. किस्से तेवढे झाडता येत नाहीत. भाजीवाल्याला एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि तिकडे गॅसवरचं दूध उतू जातं. दोनदा गेलं. म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच काढते.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. इथे नेपियर टाउनात आमच्या भिंतीला भिंत लागून पिंपळापुरे वहिनींचं घर आहे. अंगण दोघांचं एकच. वहिनी आणि त्यांची मुलगी मंजू वर राहतात. खालची समोरची खोली रिकामी होती, ती एका टीव्ही सिरियलवाल्यांनी घेतली. सिरियल जासूसांची, पण हसवणारी. एक मामा आणि एक भाचा मिळून प्रायव्हेट डिटेक्टिव्हगिरी करतात, आणि हरवलेल्या म्हशीपासून पळालेल्या नवरदेवापर्यंत सगळं शोधून आणतात. दारावर भलामोठा बोर्ड लागला, ‘त्रिपाठी एंड भांजा, प्राइवेट जासूस’. लागला तो नेमका पिंपळापुऱ्यांच्या पाटीवर!

“वहिनी, तुमची पाटी झाकली ना हो!”

“राहू द्या कुंदाताई. कोण येऊन राहिलं आमच्याकडे!”

आणि त्याच आठवड्यात अमरावतीहून निरोप आला. मंजूला बघायला येतो म्हणून!

मंजूचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पोरगी कोचिंगमध्ये गणित शिकवते. हुशार, सरळ, पस्तिशीला आलेली. स्थळं पुष्कळ आली. पण ती प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारते, “तुम्ही स्वतःहून आलात, की तुम्हाला आणलं?” बस्स. मुलगा आईकडे बघतो, आई पर्सकडे बघते, आणि मंडळी उठतात. एक जण तर पोहे अर्धे टाकून गेला.

या वेळी वहिनींनी बजावलं, “तो प्रश्न विचारलास ना, तर मी माहेरी निघून जाईन!”

“आई, तुझ्या माहेरी आता कोणी नाही.”

“तरी जाईन!”

शेवटी मंजूनं कबूल केलं, काही विचारणार नाही. पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन मला हळूच म्हणाली, “काकू, विचारणार नाही म्हणजे नाही. पण त्याचं उत्तर कळलं नाही, तर मी हो पण म्हणणार नाही.”

आता बोला! न विचारता उत्तर कोण देतं? मला तर रात्रभर तेच.

*

शूटिंगवाल्यांमुळे मला एक नवा शब्द कळला, कंटिन्यूटी. म्हणजे पहिल्या दिवशी कॅमेऱ्यात जे जसं दिसलं, ते शेवटपर्यंत तसंच दिसलं पाहिजे. हे बघायला सलोनी नावाची एक मुलगी होती. चिमणीएवढी, पण तिच्यापुढे डायरेक्टरसुद्धा चूप.

अमरावतीवाले येणार म्हणून वहिनींनी जिन्याची भिंत रंगवायला माणूस बोलावला. सलोनी धावतच आली.

“आंटीजी, दीवार को हाथ मत लगाना!”

“अरे, पोपड़े निकल रहे हैं! मेहमान आएँगे तो क्या बोलेंगे?”

“वही पोपड़े तो हमारे शॉट में हैं!”

पोपडे राहिले. रंगवाला चहा पिऊन गेला.

आमच्या ह्यांचं त्याहून वाईट झालं. पहिल्या शॉटच्या वेळी ह्यांचा हिरव्या चौकड्यांचा टॉवेल अंगणातल्या तारेवर होता. झालं! तो टॉवेल सिरियलमध्ये लागला. हे आंघोळीला जाणार, बाहेर हात काढून हाका मारणार, आणि मी रिकाम्या हातानं दारात उभी.

“काहून, मी ओलाच फिरू का?” हे आतून ओरडले.

सलोनी अंगणातून हात जोडून म्हणाली, “अंकलजी, प्लीज़! आपके टॉवेल का काम अभी बाकी है!”

चाळीस वर्षं फॅक्टरीत राबलेला माणूस. निवृत्त होऊन घरी बसला, आणि काम लागलं ते टॉवेलला!

*

मामाचं काम करणारे गृहस्थ वयस्कर होते. त्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. सगळे त्यांना त्रिपाठीजीच म्हणायचे. माणूस भला. पण दिवसातून पन्नास वेळा एकच डायलॉग घोकायचे. चष्मा नाकावर उतरवायचा, समोरच्याकडे बघायचं, आणि सावकाश म्हणायचं, “मालूम तो हमें सब है। पर सुनेंगे आपके मुँह से।”

सगळ्या गल्लीला तो रोग लागला. आमचे हे भाजीवाल्याला म्हणायला लागले, “वांगी ताजी आहेत का, मालूम तो हमें सब है!” भाजीवाला म्हणाला, “मालूम है तो पूछते काहे हो, बाबूजी?”

एकदा प्रॉडक्शनचा माणूस त्रिपाठीजींना शोधत वर गेला. वहिनींचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. त्या म्हणाल्या, “वो तो सुबह से खाली बैठे हैं।”

वहिनींच्या मनात खाली म्हणजे तळमजल्यावर. हिंदीत खाली म्हणजे रिकामटेकडं! तो माणूस तणतणत उतरला. “त्रिपाठीजी, आप सुबह से खाली बैठे हैं? और हम उधर वाला सीन रोक के खड़े हैं!”

त्रिपाठीजी खवळले. “खाली? सुबह से गला सूख गया डायलॉग रटते-रटते! किसने कहा?”

वहिनी जिन्यातून वाकून प्रेमानं म्हणाल्या, “मैंने बोला। अभी भी खाली ही हैं ना आप!”

त्यानंतर दोन दिवस त्रिपाठीजींनी वहिनींच्या हातचा चहा घेतला नाही. कशामुळे, ते वहिनींना आजवर कळलं नाही. मीही सांगितलं नाही, उगाच कशाला!

*

‘साइलेंस! रोलिंग!’ असं कोणी ओरडलं की जो जिथे असेल तिथेच थांबायचं, असा नियम होता. हलायचं नाही, बोलायचं नाही, कट म्हणेपर्यंत. आमचे हे एकदा फाटकात एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे राहिले होते. हातात दुधाची पिशवी. मी खिडकीतून खुणेनं विचारलं, दही लावू का?

पण माणसं थांबतात, कुकर थांबतो का? भाच्याचा रडण्याचा सीन. सगळं अंगण गंभीर. आणि माझ्या कुकरनं शिटी मारली! कट. पुन्हा सुरू. पुन्हा शिटी! साउंडवाला कानाला भोंगे लावून तसाच माझ्या स्वयंपाकघरात आला.

“आंटी, और कितनी?”

“तुअर की दाल है बेटा। पुरानी है। मैं क्या बताऊँ?”

सगळं युनिट माझ्या डाळीसाठी बसून राहिलं. जेवायच्या वेळी डाळीचं पातेलंही त्यांनीच संपवलं. आम्ही दोघांनी पोळी-लोणचं खाल्लं.

*

सगळ्यात ताप दिला तो बोर्डानं. शूटिंगला सुट्टी असली तरी बोर्ड काढायचा नाही. कंटिन्यूटी! मग काय, खरीच माणसं यायला लागली. कोणाची सायकल हरवली, कोणाचा भाडेकरू पळाला. वहिनी वरून ओरडायच्या, “कुंदाताई, बघा हो जरा!” आणि मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर.

एकदा महाराजपूरहून एक माणूस स्कूटरवर आला. हेल्मेट काढलं, घाम पुसला.

“जासूस साहब हैं?”

“नहीं हैं। क्या काम था?”

तो इकडे तिकडे बघत म्हणाला, “घरवाली का पता करवाना है। रोज़ शाम को इधर नेपियर टाउन आती है। पूछो तो बताती नहीं।”

मी नाव विचारलं. नाव ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. तिला मी रोज बघते! मंजूच्या कोचिंगच्या वर क्लास आहे, तिथून उतरली की माझ्याच शेजारी उभी राहून भाजी घेते, आणि घेता घेता घरचं सगळं सांगते.

“अंग्रेज़ी बोलना सीखने आती है।”

“अंग्रेज़ी? क्यों?”

“आप झगड़े में बीच-बीच में अंग्रेज़ी बोलते हैं ना? उसका जवाब देने के लिए।”

तो गारच पडला! त्यानं माझ्या पीठ लागलेल्या हातांकडे बघितलं. मग अदबीनं म्हणाला, “तो जासूस आप ही हैं?”

“नहीं भैया,” मी म्हटलं, “पड़ोसन हूँ।”

मंजू वरून हे ऐकत होती. खो खो हसली. म्हणाली, “काकू, त्या अमरावतीवाल्याचंही असंच काढता येत नाही का हो?”

अमरावतीला मी भाजी घ्यायला कुठे जाते!

*

आणि आले अमरावतीवाले! ठरलेल्या दिवशी, पण नेमके ऐन शूटिंगमध्ये. डायरेक्टरसाहेब आधीच भडकलेले. सीन असा होता, की एक निळ्या शर्टातला तरुण त्रिपाठीजींकडे येतो आणि मनातलं सगळं कबूल करतो. त्या कामाचा मुलगा कांचघरहून यायचा होता, त्याची ऑटो वाटेत बंद पडली.

मुलाचे आईवडील पोपडे बघत बघत वहिनींबरोबर वर गेले. मुलगा, हेमंत, गाडी लावून मागून आला. अंगात निळा शर्ट! असिस्टंटनं त्याचा दंडच धरला.

“आ गए भैया? कब से राह देख रहे हैं! चलिए, बैठिए!”

“जी, मेरे को ऊपर जाना था...”

“पहले यहाँ, फिर ऊपर!”

हेमंतनं मान वर करून बोर्ड वाचला. प्राइवेट जासूस. पुन्हा वाचला. मुलीकडच्यांनी चौकशीला जासूस बसवलाय, कॅमेराही त्याचाच, अशी त्याची समजूत झाली असणार. मग शर्ट नीट केला, पायपुसण्यावर बूट पुसले, आणि मुकाट्यानं आत गेला.

मी आणि मंजू तेव्हा माझ्या घरून पोह्यांचा ट्रे घेऊन निघालो होतो. वहिनींच्या घराचा जिना त्या खोलीच्या मागच्या दारावरूनच जातो. दाराला पडदा. आम्ही तिथे पोचतो न पोचतो, तोच आवाज आला, “साइलेंस! रोलिंग!”

थांबलो. काय करणार? ट्रे मंजूच्या हातात.

पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्रिपाठीजींनी चष्मा नाकावर उतरवला. “मालूम तो हमें सब है। पर सुनेंगे आपके मुँह से।”

हेमंत खुर्चीत सावरून बसला.

“मैं अपने से आया जी। किसी ने लाया नहीं।”

मंजूच्या ट्रेमधले चमचे वाजले. मी खालून ट्रेला हात लावला.

“घर में तो सब मना कर रहे थे,” तो म्हणाला. “मेरा मौसेरा भाई आया था इनको देखने। उसको इन्होंने पूछा, खुद आए कि लाए गए? वो घर आके बहुत चिढ़ा। बोला, ऐसी लड़की नहीं चाहिए।”

हा डायलॉग त्रिपाठीजींचा नव्हताच. पण मुरलेला माणूस, पापणी हलली नाही. “और आप?”

“मैं नहीं चिढ़ा जी। मैं सोच में पड़ गया। मेरे को आज तक ये किसी ने पूछाच नहीं। कौन सा कॉलेज, कौन सी नौकरी, सब मेरे को लाके बिठाया। फिर मैंने आई को बोला, मेरे को वहीं जाना है।”

चमचे आता इतके वाजत होते, की मी ट्रे दोन्ही हातांनी धरला. मंजूकडे बघायची माझी छातीच झाली नाही.

“कट!” डायरेक्टरसाहेब खुर्चीवरून उठलेच. “क्या लड़का है! एकदम नैचुरल! ये लाइनें किसने लिखीं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सलोनी तेवढी आपल्या कामावर. “सर, साउंड में चम्मच आ गया है। एक और लेना पड़ेगा।”

हेमंत गोंधळून उभा राहिला. डायरेक्टरसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “भैया, यही सब एक बार फिर से बोल पाएँगे?”

तो काही बोलायच्या आत मंजूनं पडदा बाजूला केला. ट्रे माझ्याच हातात ठेवून सरळ आत गेली, आणि वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात म्हणाली, “हाँ सर, एक और ले ही लीजिए। चम्मच की वजह से मुझे भी ठीक से सुनाई नहीं दिया।”