एन्झाइमला हात लावू नकोस

"तू नको. एन्झाइमला हात लावू नकोस, महाग असतं." मॅडमनी बर्फाचा डबा मागे ओढला. माझा हात तसाच पुढे राहिला. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजची लॅब. अख्खी बॅच बघत होती.

"तू ट्यूबा धुवून ठेव. तुम्हाला सवय असते."

तुम्हाला. म्हणजे पेठकडच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्यांना. बॅचमध्ये तशी मी एकटीच. दर प्रॅक्टिकलला बेसिन माझ्याच वाट्याला यायचं आणि मी मुकाट धुवायचे. पण आज प्रत्येकाने आपल्या गालाच्या आतून पेशी खरवडून घेतल्या होत्या. त्यांतल्या डीएनएच्या मशीनमध्ये प्रती काढायच्या होत्या. माझीही ट्यूब तयार होती. फक्त एन्झाइमचा थेंब हवा होता.

मी नळ सोडला. मागे मॅडम शिकवत होत्या, पेशीत हे काम कसं चालतं ते. एक एन्झाइम डीएनएचे दोन धागे उसवतं. दुसरं प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा विणतं. एकीकडे सरळ पुढे जातं.

"आणि दुसरीकडे?" मॅडमनी बॅचला विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आवणीसारखं, मॅडम. मागे मागे सरत, तुकड्या-तुकड्याने. मग तिसरं एन्झाइम तुकडे सांधतं."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. आई कमरेत वाकून, मागे सरत लावते. पुस्तकातली आकृती मला तिच्यामुळेच कळली होती.

सगळे खो खो हसले. मॅडमही. "अगं, ही लॅब आहे, तुमचं शेत नाही. जाऊ दे. काही गोष्टी मुळात डीएनएतच असाव्या लागतात."

डीएनए शिकवणारी बाई हे म्हणाली. माझ्या मस्तकात तिडीक गेली. आमच्याकडे आवणीला परका माणूस आला तरी त्याच्या हातात रोपांची जुडी देतात. बांधावर कुणाला नुसतं उभं ठेवत नाहीत.

मी नळ बंद केला. "मॅडम, मी ट्यूबा धुणार नाही. माझ्या ट्यूबमध्ये एन्झाइम मीच घालणार."

"इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत."

"माहीत आहे."

"बाहेर हो!"

माझी ट्यूब कचऱ्यात गेली. मार्कही जातील, कदाचित वर्षही. हॉस्टेलच्या जिन्यात बसून आईला फोन केला. वाटलं, म्हणेल माफी माग. ती म्हणाली, "तू शिकाय गेली हाय. भांडी घासाय नाय."

मी रडले. खूप रडले.

बऱ्याच जणांच्या प्रती नीट आल्या नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात तेच प्रॅक्टिकल पुन्हा आहे. मी जाणार आहे. बेसिनकडे नाही. गाल खरवडून माझी ट्यूब भरणार आणि त्या डब्यासमोर हात पुढे करणार. डबा मागे ओढला, तर मी आणखी पुढे सरकणार.