दक्षिणेचे चाळीस एकर

मेनो हार्म्सचे तीन कप चहा झाले, तरी चमचा बशीतच होता. अमेरिकेतल्या त्या गावच्या रीतीप्रमाणे पुरे झालं की पाहुण्यानं चमचा कपात ठेवायचा. चमचा बशीत म्हणजे अजून काही बोलायचं आहे. हिल्का ब्रुन्सनं चौथ्यांदा कपात खडीसाखर टाकली आणि वर चहा ओतला.

"उद्या तो कराचा साहेब येतोय म्हणे," मेनो म्हणाला.

"येतोय. तुलाही बोलावलंय ना साक्षीला?"

"हो, शेजारी म्हणून." त्यानं कप फिरवला, वरच्या सायीकडे बघितलं. "हिल्का, राग मानू नकोस. पण उद्या काही बिनसलं आणि दक्षिणेचे चाळीस एकर विकायची पाळी आली, तर आधी माझ्या कानावर घाल. माझ्या बांधाला लागून आहेत."

"एलर्टच्या थडग्यावर अजून गवत उगवलं नाहीये, मेनो."

"म्हणूनच सांगतोय. बाकीचे गवताची वाट बघणार नाहीत."

मग त्यानं चमचा कपात ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण आयोवात बांधाला लागलेली जमीन आयुष्यात एकदाच विकायला निघते, आणि ती वेळ आली की चांगल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटतं.

ही जमीन हिल्काच्या नवऱ्याच्या, एलर्टच्या, आजानं रेल्वे कंपनीकडून घेतली होती. त्याआधी ती कोणाची होती हे विचारायची पद्धत त्या गावात नव्हती. आजाकडून बापाकडे, बापाकडून एलर्टकडे. मुलींच्या वाट्याला कपाट आणि चहाची भांडी. हिल्कालाही माहेरहून तेच मिळालं होतं. लग्नाआधी बापाच्या शेतात पेरणीची घोडी तीच हाकायची, पण जमीन भावांना गेली. एलर्ट मात्र वेगळा निघाला. त्यानं कागदावर दोघांची नावं घातली. हिल्काला वाटलं, आता आपण मालकीण झालो.

कायद्याला तसं वाटत नव्हतं. ते साल एकोणीसशे पंच्याहत्तर. नवरा मेला की सगळी जमीन त्याचीच होती असं धरून वारशाचा कर लावायचे, जणू बायको इतकी वर्षं पाहुणी म्हणून राहिली. आपला वाटा होता हे सिद्ध करायचं तर बायकोनं शेतात पुरुषाच्या बरोबरीनं राबल्याचा पुरावा द्यायचा. स्वयंपाक, कोंबड्या, पोरंबाळं हिशेबात नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरी जेवण बहुधा आपोआप शिजत असावं.

कर भरायचा तर दक्षिणेचे चाळीस एकर जाणार होते. काळी, सपाट, सगळ्यात कसदार जमीन. ती गेली की उरलेल्यात एक घर चालणार नव्हतं, आणि शेतीच करायची म्हणून हट्ट धरून बसलेल्या मार्लिसला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, शहराची वाट धरावी लागणार होती.

आणि हिल्का तर राबली होती! अकरा वर्षं पेरणी, कापणी, सगळं तिनंच केलं होतं. गोष्ट एवढीच, की ते कोणाला दिसू नये म्हणून तिनंच जिवाचं रान केलं होतं.

एलर्टच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडला, तो वाढत गेला. कडेकडेनं दिसायचं, त्यामुळे चर्चला जाई, धान्याच्या कोठारावर गप्पा मारायला जाई, कोणाला संशय येत नसे. पण समोरचं काही दिसेना. डॉक्टरकडून परत येताना तो तिला म्हणाला, "या रस्त्यावरच्या कोणाला कळू देऊ नकोस. शेतकरी आंधळा झाला की लोक त्याची जमीन नजरेनं मोजायला लागतात. आणि मला बिचारा म्हणतील. ते मला सोसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हिल्कानं त्याची टोपी कपाळावर ओढली, त्याचा कोट चढवला आणि ट्रॅक्टरवर बसली. रस्त्यावरून जाणारे हात वर करून ओरडायचे, "काय एलर्ट!" तीही हात वर करायची. मरायच्या आदल्या आठवड्यातही एलर्टनं तिचा हात धरून विचारलं होतं, "कोणाला कळलं नाही ना?" "नाही," ती म्हणाली होती. "आणि कळणारही नाही."

आता शब्द पाळावा तर जमीन जात होती, आणि जमीन राखावी तर शब्द.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या माडीवर पाचपंचवीस माणसं येऊन बसली. दुसऱ्याची जमीन सुटते की राहते हे बघायला गावाला नेहमीच वेळ असतो. कराचा साहेब तरुण होता, बोलायला मऊ, आणि त्या मऊपणाचीच हिल्काला धास्ती वाटली.

"बाई, मी टपालवाल्याला विचारलं, बियाणेवाल्याला विचारलं. दोघंही सांगतात, ट्रॅक्टरवर कायम तुमचे यजमानच असायचे. तुमचं काय म्हणणं आहे?"

मागच्या बाकावर मार्लिस बसली होती. मुलीचा स्वतःचाच फायदा, म्हणून तिची साक्ष धरत नव्हते. आईनं मागं वळून बघितलं. पोरीनं ओठ घट्ट मिटले होते, अगदी बापासारखे.

"तो एलर्ट नव्हता," हिल्का म्हणाली. मग तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "एलर्टला दिसत नव्हतं. कोट त्याचा, टोपी त्याची. आत मी होते."

साहेबानं लिहिणं थांबवलं.

"म्हणजे गावानं अकरा वर्षं तुम्हाला बघितलं आणि ओळखलं नाही?"

"ओळखू नये म्हणूनच तर..."

"सोयीचं आहे," साहेब म्हणाला, आणि त्यानं मेनोला पुढं बोलावलं.

मेनो उभा राहिला. हातातली टोपी तो गोल गोल फिरवत होता. हिल्काला त्याचा कपात ठेवलेला चमचा आठवला. या माणसानं फक्त डोळ्यांनी दिसलं तेवढं सांगितलं, तरी चाळीस एकर त्याच्या बांधात जाणार होते. खोटंही बोलायला नको होतं.

"मी एलर्टला ट्रॅक्टरवर अकरा वर्षं रोज बघितलं," मेनो म्हणाला.

हिल्कानं डोळे मिटले. संपलं सगळं.

"म्हणजे त्याच्या कोटाला बघितलं. कोटात हिल्का असायची."

"तुम्हाला काय माहीत?"

"साहेब, एलर्टनं डोळे धड असतानाही जन्मात एक ओळ सरळ पेरली नाही. त्याच्या शेतातून जाताना सापालाही चक्कर यायची. आम्ही चेष्टा केली की म्हणायचा, वाकड्या ओळीत कणसं जास्त मावतात." मागं कोणीतरी फिसकन हसलं. "मग एका वर्षी मका उगवला तो दोरी धरून पेरल्यासारखा. माझी बायको म्हणाली, ही हिल्काची ओळ. हिच्या बापाच्या शेतात अशाच असायच्या. सगळ्या रस्त्याला माहीत होतं."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"कोणी विचारलं का? तो कोठारावर आला की आम्ही त्याच्या ओळींची तारीफ करायचो. लाजायचा, पण खूश व्हायचा. आंधळ्याचं तेवढं सुख काढून घेऊन आमचं काय भलं होणार होतं?"

"आणि आज हे सांगून तुमचं काय भलं होणार आहे?"

"भलं कसलं!" मेनो वैतागून म्हणाला. "चांगले चाळीस एकर हातचे चाललेत!"

मागच्या बाकांवरून एकेक जण उठून सांगू लागला, हो, आम्हालाही माहीत होतं. टपालवाला मान खाली घालून म्हणाला, मला विचारलं ट्रॅक्टरवर कोण दिसायचं, मी दिसायचं ते सांगितलं. शेवटी साहेबानं अर्धी जमीन पहिल्यापासून हिल्काचीच होती असं मान्य केलं. कर आवाक्यात आला. दक्षिणेचे चाळीस एकर राहिले. हिल्कानं त्याच महिन्यात वकिलाकडं जाऊन पुढच्या वारशाला मार्लिसचं नाव घातलं. ब्रुन्सांच्या चार पिढ्यांत पहिल्यांदाच मुलीचं.

पण तेवढ्यानं सुटका झाली नाही. चर्चबाहेर एक बाई तिचा हात दाबून म्हणाली, "बिचारा एलर्ट, काय सोसलं असेल!" बिचारा. ज्या एका शब्दाला तो भीत होता, तो शब्द आता गावभर फिरत होता, आणि त्याला मोकळं सोडलं होतं तिनंच. जमीन राखली, पण ती राखायला नवऱ्याला उघडं पाडावं लागलं. घरी येऊन ती खूप रडली.

मे महिन्यात पेरणी आली. हिल्कानं सगळं शेत नेहमीसारखं सुतात पेरलं. रस्त्यालगतच्या ओळींची एक फेरी तेवढी तिनं शेवटी ठेवली. टोपी एलर्टचीच घातली, पण मागं सरकवून, तोंड दिसेल अशी. ओळ सरळ यावी म्हणून पलीकडच्या टोकाच्या खांबावर नजर ठेवायची, ती तिनं मुद्दाम दुसरीकडं वळवली.

"आई, खांब बघ!" बांधावरून मार्लिस ओरडली. "वाकडी चाललीस!"

"कळतंय मला!"

जूनमध्ये मका गुडघ्याएवढा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा त्या ओळी रस्त्याच्या कडेनं नागमोडी पसरल्या. गाड्या तिथं हळू व्हायच्या आणि पुढं जायच्या. एका सकाळी मेनोनं गाडी थांबवली, खाली उतरला, आणि कुंपणाशी उभा राहून ओळी बघू लागला. हिल्का खुरपं घेऊन तिथंच होती.

"वाकड्या ओळीत कणसं जास्त मावतात," मेनो म्हणाला.

"असं एलर्ट म्हणायचा," हिल्का म्हणाली.