दोन कॉलेजांच्या तांदळे मॅडम

तांदळे मॅडम हजेरी घेताना पहिलं नाव स्वतःचं घ्यायच्या. "तांदळे सुमन," असं म्हणायच्या, जरा थांबायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर हाय." मग अंधारे, आगळे, बडे अशी पोरांची नावं सुरू व्हायची. नवी पोरं हसायची, जुनी हसत नसत. मी शेजारच्या संगणकाच्या खोलीत असायचे. मधल्या भिंतीला वर जाळी होती आणि तिच्यातून ते "हजर हाय" रोज ऐकू यायचं. मला ते कधी विनोदी वाटलं नाही. दिवे गेल्यावर माणूस भिंत चाचपतो, तसा तो आवाज होता.

आमचं कॉलेज धारूर तालुक्यातलं, विनाअनुदानित. मी तिथे कंत्राटी पद्धतीने संगणक शिकवत होते आणि कॉलेजचं संकेतस्थळ सांभाळत होते. बीडच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवते. तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. स्टाफरूममध्ये मी कोपऱ्यात बसायचे. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात डबा उचलला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. "गौरी ना तू? तू बोलू नको. मी बोलते, तू नुसती मान हालव."

त्या भूगोल शिकवायच्या. उंच, कृश, केसांना चापून तेल. लग्न केलं नव्हतं; कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत. फळ्यावर नकाशा काढताना आधी एक ठिपका देत. तो त्यांच्या गावाचा, पालीचा. मग त्याच्याभोवती जिल्हा, राज्य, देश असं वाढवत नेत. "आधी आपुन कुठं हाय ते ठरवायचं," त्या म्हणत, "बाकीचं जग मग काढायचं."

दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाचा नियम आला. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि शिकवणाऱ्याची शैक्षणिक पात्रता, फोटोसकट, संकेतस्थळावर टाकायची. कुणालाही पाहता आली पाहिजे. आमच्या संस्थेचं दुसरं एक कॉलेज गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला आहे. तिथे बहुतेक मुलीच. दोन्ही कॉलेजांचं काम माझ्याकडेच आलं. तिकडची माहिती पेनड्राइव्हमध्ये आली, मी भूगोल विभाग उघडला, आणि समोर तांदळे मॅडम. तोच फोटो, तीच पदवी. सोमवार ते शनिवार, अकराचा तास. अकराला तर त्या माझ्या भिंतीपलीकडे असायच्या.

मी त्यांना बोलावून पडदा दाखवला. त्या अजिबात दचकल्या नाहीत.

"ती मीच हाय," म्हणाल्या. "मला म्हाईत हाय."

गेवराईला एका लग्नात गेल्या असताना एक अनोळखी मुलगी त्यांच्या पाया पडली होती. म्हणाली, "तुमी आमच्या भूगोलाच्या मॅडम ना? तुमचा फोटो हाय आमच्या वर्गाभायेर. मग तुमी येत कावून न्हाई?"

"टोमणा न्हाई मारला गं तिनं," मॅडम मला म्हणाल्या. "तिला वाटलं, मी आजारी हाय. तवापासून मला सारखं दिसतंय. तिकडं एक मी बसलेली हाय. पोरी येत्यात, वह्या उघडत्यात, तिच्या तोंडाकडं बघत्यात. आन् ती बोलत न्हाई."

स्वतःची हजेरी त्या लग्नानंतर सुरू झाली होती.

त्यांच्या मूळ पदव्या संस्थेच्या कपाटात होत्या. आमच्याकडे रुजू होताना त्या जमा करून घेतात, म्हणजे माणूस सोडून जात नाही. आणि पदवी संस्थेच्या हातात असली की ती दुसऱ्या कॉलेजातही दाखवता येते. मॅडम मला घेऊन संस्थेच्या सचिवांकडे गेल्या. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. मागे ते कपाट होतं, पुढे चहा आला.

"सुमनताई, तुमी घरच्या माणूस," दादासाहेब म्हणाले. "नाव काय झिजतंय व्हय?"

"तिकडं पोरी वाट बघत्यात. माझं नाव काढा, न्हाईतर मला तिकडं पाठवा."

"तुमाला पाठवलं तर हितली मान्यता जाती. नाव काढलं तर तिथली." त्यांनी बशी खाली ठेवली. आवाज चढला नव्हता. "काढतो की. उद्या काढतो. कॉलेज बंद पडलं की त्या पोरी शिकायला गेवराईला जातील? बाप पाठवतील? दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायच्या आधी हात पिवळे करून मोकळे हुतील. तुमीच सांगा, काढू का?"

मॅडम उठल्या. चहा तसाच राहिला. परतताना एसटीत त्यांनी दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "मीच जाते मग."

"कुठे?"

"माझ्याकडं."

शनिवारचा शेवटचा तास झाला की त्या धारूरहून निघायच्या. रात्री पालीला भावाकडे मुक्काम, रविवारी पहाटे बीड, गेवराई आणि पुढे. पहिल्या रविवारी दोघीच मुली आल्या. मग त्या दोघींनी आणखी मुलींना निरोप धाडले. साखर कारखान्यावरून, ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या मुलींना मॅडम पुन्हा पहिल्या प्रकरणापासून शिकवत. "तू थांबवलेलं ते तिकडचं पान चढव," मला म्हणाल्या. "आता ती बाई खोटी न्हाई." मी चढवलं. वेळापत्रक मात्र सोमवार ते शनिवारचंच राहिलं. विद्यापीठाच्या तक्त्यात रविवारचा रकाना नव्हता.

सोमवारी त्यांचा आवाज बसलेला असे. डबा खाता खाता डोळे मिटत. "लई पोरी येत्यात आता, गौरे. बाकं पुरत न्हाईत." एक दिवस जाळीतून हजेरी थेट अंधारेपासून सुरू झाली. पुढच्या दिवशीही. त्यांनी स्वतःचं नाव घेणं सोडलं होतं.

मग कुणीतरी दोन्ही संकेतस्थळांवरचे फोटो शेजारी ठेवले आणि विद्यापीठाकडे तक्रार केली. चौकशी समिती तिकडच्या कॉलेजात येणार होती, तेही बुधवारी. संस्थेने जीप पाठवली; मॅडमना आणि लॅपटॉपसह मला घेऊन गेली. वाटेत तिथल्या प्राचार्यांचा तीनदा फोन आला. "मॅडम, एवढंच म्हणायचं, रोज येते. बाकी आम्ही बघतो." मॅडम "हां" म्हणाल्या. रोज म्हटलं तर नोकरी राहणार होती, हे जीपच्या ड्रायव्हरलाही माहीत होतं.

समितीतल्या बाई आधी वर्गात गेल्या. मॅडम दारात उभ्या, मी त्यांच्या मागे. मागच्या बाकावर रेखा नावाची मुलगी होती. बाईंनी तिलाच उठवलं.

"भूगोलाच्या मॅडम येतात का?"

"येत्यात की."

"कधी?"

"रविवारी."

"फक्त रविवारी?"

"हां. पण लई शिकवत्यात. सकाळपसून, पार ऊन उतरस्तवर." रेखा मॅडमकडे बघून हसली. तिला वाटलं, आपण मॅडमचं कौतुक केलं.

बाई वळल्या. "मॅडम, तुम्ही सांगा."

प्राचार्य खोकले. मॅडमनी रेखाकडे पाहिलं. ती अजून उभीच होती.

"पोरगी खरं बोलती," मॅडम म्हणाल्या. "रविवारीच येते. बाकीचे दिवस मी धारूरला असते."

बाईंनी लिहिणं थांबवलं. त्या कठोर नव्हत्या. उलट जरा अवघडल्याच. "रविवार कामाचा दिवस धरता येत नाही, मॅडम."

परत यायला जीप मिळाली नाही. बसमध्ये मी वाक्य मनात जुळवलं आणि विचारलं, "रोज म्हणाला असतात तर?"

"मग ती पोरगी खोटी पडली असती. माझ्या समोर." त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. "मग शिकवायला कशाला जायचं गं एवढ्या लांब?"

संस्थेला त्रुटी दूर करायला मुदत मिळाली. मॅडमची मान्यता दोन्हीकडची गेली. नाव काढण्याचा आदेश माझ्याकडे आला, तेव्हा त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. त्यांना बघायचं होतं. मी ओळ निवडली, पुसली, तिथे 'रिक्त' असं लिहिलं. मग दुसरीकडेही.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "दुखत न्हाई काही."

दुपारी शिपाई त्यांच्या पदव्या घेऊन आला, किराणाच्या पिशवीत. त्यांनी एकेक उलटून पाहिली. "वाळवी न्हाई लागली. नशीब."

त्या पालीला गेल्या. रविवार मात्र सुटला नाही. तिकडच्या खोलीची किल्ली मुली शिपायाकडून मागून घेत. मॅडमचं नाव आता कुठल्याच पानावर नव्हतं, पण रविवारी संध्याकाळी मला फोन यायचा. आज कोण आलं, कोण सासरी गेलं, कुणी गोदावरीच्या उपनद्या उलट्या क्रमाने सांगितल्या. मी फोनवर मान हलवायचे.

माघात एका शुक्रवारी त्या दळण आणायला गेल्या. गिरणीच्या ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या भावाने मला कळवलं.

रविवारी मी पहाटेची बस धरली. मुलींना कुणीतरी सांगायला हवं होतं. वाटभर वाक्य जुळवत होते. पोचले तर खोली उघडी होती, झाडलेली होती आणि मुली बाकांवर बसलेल्या होत्या. त्यांना कळलेलं होतं. कुणी रडत नव्हतं. दाराबाहेर मॅडमचा फोटो काढून टाकलेल्या जागी डिंकाचा चौकोन राहिला होता.

"आज कशाला आलात?" मी विचारलं.

"रविवार हाय ना," रेखा म्हणाली. "आन् शेवटचं प्रकरण ऱ्हायलंय. परीक्षा आली."

"मला भूगोल येत नाही गं."

"काय हाय प्रकरणात, तेवढं तरी वाचा."

मी फोनवर अभ्यासक्रम उघडला. शिक्षकाच्या रकान्यात रिक्त. खाली शेवटचं प्रकरण. मी मोठ्याने वाचलं, "हंगामी स्थलांतर. कारणे आणि परिणाम." खुर्ची मोकळी होती. मी तिच्यावर बसले नाही, पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी बसले.

मागून रेखा उठली आणि सांगू लागली. गाडी केव्हा येते, भांड्यांबरोबर काय काय बांधतात, गावात मागे कोण राहतं, शाळा कुठल्या इयत्तेत सुटते. कारणं झाली, मग परिणाम. मुली वह्यांत उतरवून घेत होत्या. आवाज तिचा होता. पण थांबण्याच्या जागा मी जाळीतून रोज ऐकलेल्या होत्या, आणि मी दोनदा दाराकडे वळून पाहिलं.