दारावरची तारीख

“आधी दार उघड, मग तोंड उघड.” मावशीचं हे ठरलेलं वाक्य होतं.

वाहन नोंदणी कचेरीच्या बाहेर, सायकलींच्या रांगेपलीकडे, भिंतीला टेकून तिचं टेबल असे. सव्वीस वर्षं तिनं तिथं लोकांचे अर्ज भरले. ज्या ज्या गाडीचे कागद तिच्या हातून गेले, त्या प्रत्येक गाडीच्या दाराच्या आतल्या कडेला तिनं काडीच्या टोकानं पांढऱ्या रंगात दोन तारखा लिहिल्या. वर नोंदणीची, खाली विम्याची. मुदत वाढली की रॉकेलच्या बोळ्यानं जुनी पुसायची आणि नवी लिहायची. गाडीवाला कुरकुरत आला की ती आधी त्याला त्या तारखा वाचायला लावी, मगच त्याचं गाऱ्हाणं ऐके. रस्त्यात गाड्या अडवणारा हवालदारसुद्धा दार उघडून बघे आणि तिचं अक्षर दिसलं, तारीख पुढची असली, की कागद न मागता हातानं ‘जा’ म्हणे.

बारीक अंगाची, फटकळ बाई. पेन कायम अंबाड्यात खोचलेलं. एकदा एका नव्या गाडीवाल्यानं छाती काढून विचारलं होतं, “गाडी माझी, चालवणार मी जपून. विमा कशाला?”

“तू जपशील रे बाबा, पण रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे? हा विमा तुझ्यासाठी नाहीच मुळी. तुझ्या गाडीनं ज्याला लागेल, त्याच्यासाठी आहे. त्याच्या औषधपाण्याची सोय कर आणि मग खुशाल उंडार.”

बहिणीच्या माघारी तिनंच वाढवलेला भाचा वायरमन झाला होता. टपावर शिडी बांधलेली त्याची जुनी गाडी म्हणजे त्याचं पोट होतं. तिचे कागद अर्थातच मावशीच्या पत्र्याच्या पेटीत असत. पेटीत गिऱ्हाइकांचे कागद वर आणि घरचे तळाशी. “घरचं काय पळून जातंय?” असं म्हणून ती झाकण लावी. भाचा निर्धास्त होता. ज्याची मावशी तारखांची राखण करते, त्यानं तारीख कशाला बघायची? दार तो रोज उघडत होता, पण त्या दोन ओळी त्यानं वाचल्याच नव्हत्या.

एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला तो गल्लीतून गाडी मागे घेत होता. कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन त्याच गल्लीतले टेलरकाका मागून चालले होते. धक्का फार मोठा नव्हता, पण काका उजव्या हातावर पडले. भाच्यानंच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. तीन महिने कात्री धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

बाराच्या सुमाराला भाचा टेबलापाशी आला. तोंड पांढरंफटक.

“मावशी, अगं ऐक ना…”

“आधी दार उघड.” सवयीनं बोलून गेली ती.

त्यानं दार उघडलं. दोघांनी वाकून पाहिलं. खालची तारीख चार दिवसांपूर्वीची होती आणि अक्षर तिचंच होतं.

भाच्यानं घडलेलं सगळं सांगितलं. तिनं पेटी उपसली. तळाशी विम्याचा नवा अर्ज होता, महिन्यापूर्वी तिनंच सुबक भरलेला. फक्त विमा सुरू होण्याच्या वेळेचा रकाना आणि सही राहिली होती.

शेजारच्या टेबलावरचा विमा एजंट पंधरा वर्षांचा सोबती. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. खुर्ची ओढून तो हळूच म्हणाला, “रकाना कोराच आहे. आज सकाळचे नऊ लिहा, अपघाताच्या आधीचे, मी शिक्का मारतो. टेलरला भरपाई मिळेल, पोराची गाडी वाचेल. कुणाचं काय बिघडलं?”

भाच्याला जरा धीर आला. रॉकेलचा बोळा उचलून तो दारापाशी वाकलासुद्धा.

“हात लावू नकोस,” मावशी म्हणाली.

“अगं, पण पुसली तर कोणाला कळणार आहे?”

“मला. आणि ही पुसली तर बाकीच्या शेकडो दारांवरचं मी लिहिलेलं कोणी का खरं मानावं?”

तिनं अंबाड्यातलं पेन काढलं आणि रकान्यात लिहिलं : दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. एजंटनं कपाळावर हात मारून घेतला.

“मग काकांचं कोण बघणार?” भाच्याचा आवाज चिरकला. “माझी गाडी जाईल गं!”

“जाईल. विकू. नाही पुरलं तर हे टेबल आहे माझं. चूक माझ्या पेटीतली आहे. काकांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच जाऊन सांगते. मी परत आले की आपण दोघं चौकीवर जाऊ.” तिनं पेन त्याच्या खिशाला लावलं. “तोवर इथं बस. कोणी आलं तर…”

“दार उघडायला सांगतो.”

“शहाणा आहेस. चार दिवस आधी असतास तर बरं झालं असतं. तुझं राहू दे, मी तरी कुठं होते!”

पदर खोचून ती निघाली. सायकलींच्या रांगेतून वाट काढत, फाटकाबाहेर, टेलरकाकांच्या गल्लीकडे. फाटकावरच्या हवालदारानं नेहमीसारखा हात वर केला, पण आज तिनं मान हलवली नाही. एजंट शिक्का हातात तसाच धरून बघत राहिला. आणि भाचा रॉकेलचा वास येणारा बोळा मुठीत घेऊन, वळणाआड तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत, उघड्या दाराशी उभा होता.