देवरेनानांची सातची गाडी

देवरेनाना टीव्ही बघायला बसताना इस्त्रीचा शर्ट घालत. नुसता शर्टच नव्हे. तोंड धुऊन, केसांना तेलाचं बोट लावून, भांग पाडून मगच खुर्चीत बसत. सिडकोतल्या आमच्या इमारतीत मी नवं बिऱ्हाड थाटलं, त्या पहिल्याच आठवड्यात गॅसची नळी घट्ट करायला पाना मागायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. संध्याकाळचे सात वाजत आले होते. नानांचा थाट बघून मला वाटलं, कुठेतरी लग्नाबिग्नाला निघालेत.

"बाहेर जाताय का?" मी विचारलं.

"नाही नाही, बसा. मंजिरी यायची वेळ झाली."

मला वाटलं, मुलगी माहेरी येत असेल. मी संकोचून उठायला लागलो, तेवढ्यात टीव्हीवर एक निवेदिका आली. हात जोडून म्हणाली, "नमस्कार, तोरण वाहिनीवर आपलं स्वागत." आणि नानांनी खुर्चीत जरा ताठ होऊन तिला उलट नमस्कार केला.

आतून देवरेकाकूंचा आवाज आला, "झाला का काचेला नमस्कार? आता त्यांना पाना द्या."

काकूंच्या टोमण्याचं नानांना काही वाटत नसे. मला म्हणाले, "अहो, ती पोर काठाची साडी नेसून, वेळेवर आपल्या घरात येते. आणि आपण बनियनवर बसायचं? बरं दिसत नाही ते." मी स्वतः लुंगीवर टीव्ही बघणाऱ्यांतला. त्या दिवसापासून कितीतरी दिवस मला माझ्याच घरात चोरट्यासारखं वाटत होतं.

नाना मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी एसटीत झाली, तीही बसस्थानकाच्या खिडकीत माइकसमोर. गाड्या पुकारणं हे त्यांचं काम, आणि निवृत्तीनंतरही तो आवाज काही निवृत्त झाला नव्हता. जिन्यात भेटल्यावर "खाली भाजीवाला आलेला आहे" एवढंच म्हणत, पण ऐकणाऱ्याचे हात आपोआप पिशवीकडे जात. बोलणं अगदी छापील. राग आला की मात्र गावाकडचं बागलाण जागं होई आणि नाना अहिराणीत शिरत. टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल त्यांना एकाच धंद्यातल्या माणसाची माया होती. म्हणत, "नाच-गाणं कोणीही करेल. पण आता काय येणार आहे, कधी येणार आहे, हे नीट सांगणारं माणूस पाहिजे. नुसतं 'मालेगाव, मालेगाव' ओरडून भागत नाही. कुठल्या फलाटावर लागली, कुठून जाणार, हे मागच्या बाकावरच्या म्हातारीला कळलं पाहिजे."

तोरण ही वाहिनी तशी गरिबाघरचीच होती. नव्वदीच्या शेवटी केबलवर आली. मागे एकच निळा पडदा, पुढे दोन वेताच्या खुर्च्या. पण कधी येवल्याच्या मागावर पैठणी कशी विणतात ते दाखवत, कधी कुठल्या गावच्या जत्रेतलं भारूड. आणि दोन कार्यक्रमांच्या मधे मंजिरी येऊन पुढचं सांगून जाई. शेवटी हमखास म्हणे, "उद्या सात वाजता पुन्हा भेटू." नाना म्हणत, "अवश्य." मग टीव्ही बंद. पुढच्या वाहिन्या बघायचा मोह त्यांना कधी झाला नाही.

एक दिवस पेपरात आतल्या पानावर बातमी आली, की तोरण वाहिनी मुंबईच्या एका बड्या कंपनीत विलीन झाली. मी ती नानांना दाखवली. ते शांत होते. म्हणाले, "डेपो तोच, साहेब नवा. गाड्या थोड्याच बदलतात?"

गाड्या बदलल्या. आधी जत्रा गेल्या. मग पैठणी गेली आणि तिच्या जागी भाग्य उजळणाऱ्या अंगठ्या विकणारा एक मनुष्य आला, तो अर्धा तास हलायलाच तयार नाही. मग हिंदी मालिका मराठीत आल्या. त्यांतली सासू तोंड मिटायची आणि तिचं वाक्य त्यानंतर संपायचं. पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक पट्टी सतत धावायची, मेसेज पाठवा आणि गाडी जिंका. नानांनी हे सगळं सोसलं. पण एका संध्याकाळी सात वाजले आणि मंजिरी आलीच नाही. आदल्या दिवशी "उद्या भेटू" म्हणून गेली होती. तिच्या जागी धाडकन अंगठीवाला.

"हाई काय शे?" नाना एवढ्यांदा म्हणाले, की मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शर्ट घालून बसले. तिसऱ्या दिवशीही. पंधरवडा झाला, महिना झाला. अंगठीवाल्यासमोर हा मनुष्य भांग पाडून बसलेला बघितला की मला हसूही येई आणि कसंसंही होई. एकदा एसटीडी बूथवरून त्यांनी मुंबईच्या कचेरीला फोन लावला, मला सोबत नेलं. पलीकडे हिंदी बोलणारी एक मुलगी होती.

नाना म्हणाले, "ताई, माझी गाडी उशिरा येतेय की रद्द झालीये, एवढंच सांगा."

"कौनसी गाडी, सर?"

"सातची."

तिने फार नम्रपणे सांगितलं, की गाडीच्या स्पर्धेचा निकाल महिनाअखेरीला आहे. नानांनी फोन ठेवला आणि बूथवाल्याला पैसे मोजून दिले.

मी शहाणपण शिकवायला गेलो. "नाना, शंभर वाहिन्या आहेत. दुसरी लावा की."

"वाहिनी गेली याचं दुःख नाही हो मला," ते म्हणाले. "जुन्या गाड्या मोडीत निघतात, चालायचंच. एकदा येवल्याची शेवटची गाडी नादुरुस्त झाली. स्थानक गच्च भरलेलं. मी माइकवर सांगितलं, गाडी रद्द. काय शिव्या पडल्या! एकाने तर खिडकीवर चप्पल आपटली. पण माणसं उठली, कोणी ट्रक बघितला, कोणी पाहुण्यांकडे गेला. मोकळी झाली. रद्द करणं हा गुन्हा नाही. न सांगता माणसाला ताटकळत ठेवणं, हा गुन्हा आहे."

ते मोकळे झाले नव्हते, हे मला काकूंकडून कळलं. इतके दिवस चेष्टा करणाऱ्या काकू एका दुपारी आमच्याकडे येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "भाचीच्या हळदीतून सातच्या आत घरी आले. संध्याकाळी गंगेच्या घाटावर फिरायला चला म्हटलं तर येत नाहीत. त्या मेल्या अंगठीवाल्यासमोर बसतात. म्हणतात, न जाणो, आली आणि आपण नसलो तर?" मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या कंपनीचा मनापासून राग आला. एवढी मोठी कंपनी, आणि एक वाक्य बोलायला माणूस नाही.

तोड शेवटी नानांनीच काढली. एका सकाळी माझ्या दाराशी आले. "चला, बबलूकडे जाऊ." बबलू म्हणजे आमचा केबलवाला. त्याची स्वतःची एक वाहिनी होती. तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेल्या किल्ल्या आणि मंडळाची आरती दाखवत.

"कोनाचा वाढदिवस हे का नाना?" बबलूने विचारलं.

"नाही. एक गाडी रद्द करायची आहे."

सगळं ऐकल्यावर बबलू डोकं खाजवायला लागला. "कंपनीवाल्यांना कळलं तर माझी वाट लावतील ना."

"कंपनीला मी एक शब्द वाईट बोलणार नाही. मला नुसतं सांगायचं आहे."

त्या संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. एकट्याने बघवणार नाही म्हणाल्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. मीही उठून शर्ट घातला. सातला बबलूच्या वाहिनीवर वाढदिवसांची पाटी गेली आणि नाना आले. मागे बबलूच्या दुकानातलं कॅलेंडर. त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. प्रेक्षकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. तोरण वाहिनीवर रोज संध्याकाळी सात वाजता येणाऱ्या निवेदिका मंजिरी यापुढे येणार नाहीत. त्यांनी आजवर एकदाही उशीर केला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. वाट बघत असलेल्या प्रेक्षकांनी आता घरी... आता आपापल्या कामाला जावे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पुन्हा नमस्कार केला. आणि काकूंनी, काचेला नमस्कार म्हणून वर्षानुवर्षं हसणाऱ्या काकूंनी, आमच्या टीव्हीला हात जोडले. माझेही हात जोडले गेले, खोटं कशाला बोलू?

नाना परतले तेव्हा जिन्यात त्यांना तळमजल्यावरचे कुलकर्णी भेटले. म्हणाले, "बरं झालं बुवा सांगितलंत. मी आपला बबलूला रोज शिव्या घालत होतो, याच्याच वायरीत दोष आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी सात वाजता नाना-काकू गंगेवर फिरायला गेले. नाना इस्त्रीच्या शर्टातच होते. येताना आमच्यासाठी भेळ आणली.

पुढे काही वर्षांनी नानांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ते शर्ट घालून, भांग पाडून इमारतीतल्या प्रत्येक घराच्या दाराशी गेले. कोणाकडे बसले नाहीत, चहा घेतला नाही. आमच्या दारात उभे राहून त्याच स्थानकावरच्या आवाजात म्हणाले, "उद्या ऑपरेशनला जातोय. जायचं नक्की आहे, यायचं नक्की नाही. उगाच ताटकळू नका."

ते परत आले नाहीत. त्यांनी इतकं नीट सांगितलं होतं, तरी आम्ही सगळे ताटकळलोच.